गायरान जळालं, आता पाऊस स्थिरावेपर्यंत त्याला हात लावू नका

प्रति,
सरपंच, उपसरपंच आणि सर्व सदस्य,
पुरंदर, दौंड, बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या माळपट्ट्यातल्या ग्रामपंचायती

सप्रेम नमस्कार.

१ मेची ग्रामसभा तोंडावर आली आहे. विषयपत्रिकेवर टँकर, घरकुलं, पाणीपट्टीची थकबाकी आणि रस्त्याची खडी असणार, ते ओघानंच आलं. त्यात आणखी एक विषय घ्यावा म्हणून हे पत्र लिहितो आहे. तो विषय म्हणजे या उन्हाळ्यात जळालेलं गायरान. शिमग्याच्या आधीपासून आपल्या पट्ट्यात कुठे ना कुठे डोंगर पेटलेला दिसतो. रात्री रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून फोटो काढतात, दुसऱ्या दिवशी पेपरात 'वणव्यात इतके हेक्टर खाक' अशी चौकट येते आणि विषय मिटतो. झाडं किती जळाली, याची कोणी तरी मोजदाद करतं. माती कशी आहे, हे पाहायला कोणी माळावर चढत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की माळाचं मोठं नुकसान आग विझल्यावर होतं. आग विझल्यापासून गवत पुन्हा जमीन झाकेपर्यंतचे जे महिने असतात, त्यात होतं. आग लागणं दर वेळी आपल्या हातात नसतं. कोणाची विडी, कोणाचा पेटवलेला बांध, कोणाची खोडी, कोणाचं जुनं वैर, शोधूनही सापडत नाही. पुढचे महिने मात्र ग्रामसभेच्या हातात असतात, आणि तेच आपण वाया घालवतो.

गावात हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: जाळल्याशिवाय गवत जोमानं येत नाही, वाडवडील जाळत आले. हे म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. वणवा फिरून गेला की थोड्याच दिवसांत, पावसाचा थेंब नसताना, काळ्या राखेतून हिरवे कोंब वर येतात आणि शेरडं-मेंढरं तिकडेच ओढ घेतात. वाळून काडी झालेल्या गवतापेक्षा हा कोंब कोवळा, त्यात प्रथिनं जास्त, जनावराला पचायला सोपा. सगळं खरं. पण चैत्र-वैशाखात पाणी नसताना हा कोंब आला कशाच्या जिवावर? पवन्या, मारवेल, डोंगरी ही बहुवार्षिक गवतं. यांचा जीव जमिनीलगतच्या ठोंबात आणि मुळांत असतो. पावसाळा सरला, पाती पिवळी पडायला लागली की गवत आपलं अन्न खाली उतरवून ठेवतं, पुढच्या मृगासाठी. वणव्यानंतरचा कोंब त्या शिलकीवर फुटतो. पेरणीसाठी राखलेलं बियाणं काढून भाकरी थापावी, तसा हा प्रकार. तो कोंब शेळीनं खुडला की ठोंब पुन्हा फुटतो, पुन्हा शिल्लक मोडतो. पाऊस येतो तेव्हा मुळांत फारसं उरलेलं नसतं. असं लागोपाठ काही वर्षं झालं की ठोंब बसतो आणि त्याच्या मुळांनी धरून ठेवलेली माती सुटते.

आता खुद्द आगीचं. 'वणव्यानं माती मेली' असं भाषणांत ऐकतो, ते मला सरसकट पटत नाही. गवताची आग भराभर पुढे सरकते. ज्वाळेत काही शे अंश तापमान असलं तरी एका जागी ती फार कमी वेळ टिकते, आणि कोरडी माती उष्णता सहजी खाली जाऊ देत नाही. वरचा पापुद्रा उचलून दोन बोटं खाली उकरलं तर पुष्कळदा तिथे काही झालेलंच नसतं. माळाची आणि आगीची ओळख जुनी आहे. काही वर्षांतून एकदा आग फिरली तर हे गवत ती सोसून पुन्हा उभं राहतं. घात होतो तो दर उन्हाळ्याला त्याच डोंगरावर आग फिरली की. कारण आपल्याकडे माती आहे तरी किती? सासवड-जेजुरीकडून सुप्यापर्यंतच्या माळावर मुरमावर वीतभर माती मिळाली तरी भाग्य. त्यातल्या वरच्या पेरभर थरात सगळा कारभार चालतो. सेंद्रिय कर्ब तिथे, गवताचं बी तिथे, बुरशी आणि जिवाणू तिथे, शेणकिडे आणि वाळवी तिथे. मातीतले बरेचसे सूक्ष्मजीव ५० ते १२० अंशांच्या दरम्यान मरतात. २०० अंशांच्या पुढे सेंद्रिय पदार्थ जळायला लागतो आणि त्यातला नत्र वायू होऊन उडतो. आगीची झळ फार खाली जात नाही हे खरं, पण आपलं जे काही आहे ते सगळं वरच आहे.

जळालेल्या माळावरून चालताना राखेचा रंग बघा. बहुतेक ठिकाणी ती काळी असते, म्हणजे जळणं अर्धवट राहिलं, कोळसा उरला. मध्येच पांढऱ्या राखेचे ठिपके दिसतात. तिथे वाळलेल्या शेणाचा पोहो होता, बोरीचं खोड होतं, नाही तर घाणेरीची जाळी होती. गवत क्षणात जळून गेलं, पण इथे विस्तव तासन्‌तास धुमसत राहिला. राख बाजूला सारली तर खालची माती विटकरी झालेली असते. चिमटीत घेतली तर ढेकूळ बनत नाही, भुगा होऊन सुटते. ठिपक्याच्या कडेला थोडं उकरून पाण्याचा थेंब सोडा. कधी कधी तो मुरत नाही, गोळी होऊन वर बसून राहतो. जळणाऱ्या पाल्यातले मेणचट वायू खाली उतरून गार झालेल्या कणांवर बसतात, त्यामुळे असं होतं. गवताळ माळावर हा प्रकार सगळीकडे नसतो, झुडपांखाली आणि साचलेल्या पाल्याखाली जास्त असतो. आणि शेणाचा पोहो, जो पावसात शेणकिड्यांनी मातीत ओढून न्यायचा, तोच मातीला भाजून गेलेला असतो.

हिशेबाच्या भाषेत सांगतो, म्हणजे सभेत सांगायला बरं पडेल. एकरी एक टन वाळलं गवत धरू. पक्व, वाळलेल्या डोंगरी गवतात प्रथिनं तीन टक्क्यांच्या आसपास असतात, म्हणजे नत्र साधारण अर्धा टक्का. एका टनात झाला पाच किलो. त्यातला बहुतेक धुरातून जातो. पाच किलो नत्र म्हणजे ११ किलोच्या आसपास युरिया. एका सालाचं हे फार वाटणार नाही, उसाला आपण याहून कितीतरी जास्त टाकतो. पण गायरानाला युरिया टाकतो कोण? त्याला मिळतं ते जनावराच्या शेणा-मुतातून, कुजलेल्या गवतातून आणि माळावरच्या रानटी शेंगवर्गी वेलींतून. दर वर्षी एकरी पाच किलो उडवायचे आणि वरून काही घालायचं नाही, हे दहा-पंधरा वर्षं चाललं तर माळ निकस होणारच. स्फुरद, पालाश आणि चुना सहजी उडत नाहीत, ते राखेत राहतात. पण राख हलकी. वैशाखातल्या वावटळी ती उचलून नेतात, आणि उरते ती पहिल्या पावसात उताराला लागते.

इथे कोणी तरी राबाचा दाखला देतंच. मावळ-मुळशी-भोरकडे आणि खाली कोकणात भाताच्या रोपासाठी जमीन भाजतात, तिथे तर फायदाच होतो, मग इथे का नाही? राब भाजताना शेतकरी शेण, पालापाचोळा, फांद्या बाहेरून आणतो, छोट्या तुकड्यावर रचतो, वर माती पसरतो, वारा बघून पेटवतो. राख त्याच वाफ्यात राहते. तणाचं बी मरतं, रोपाला खत मिळतं. कित्येक गुंठ्यांचं अन्न तो एका गुंठ्यात गोळा करतो. वणवा कित्येक एकरांचं अन्न वाऱ्यावर सोडतो. शिवाय तिकडची जास्त पावसाची, तांबडी माती बरीचशी आम्लधर्मी असते, राखेनं तिला उतार पडतो. आपली माती चुनखडीची, सामू (पीएच) आधीच आठच्या आसपास. तिला अल्कधर्मी राखेची गरज नाही.

आणखी एक बदल हळूहळू होतो, तो मेंढपाळांना आपल्याआधी कळतो. कुसळी ही गवताची जात वाढते. तिचं बी कधी तळहातावर घेऊन पाहिलंय का? पुढे अणकुचीदार टोक, त्यावर मागे वळलेली बारीक लव, आणि मागे पीळ पडलेली लांब शेपटी. तळहातावर थोडं पाणी लावून ठेवलं तर शेपटी आपोआप गरगरा फिरायला लागते. ओल आली की पीळ सुटतो, सुकलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यानं बी स्वतःला जमिनीत घुसवतं. लव मागे फिरू देत नाही. वरून आग जाते तेव्हा ते खाली सुखरूप असतं. मेंढीच्या लोकरीतही ते असंच शिरतं, तिथून कातड्यात, मग जखमा आणि पू. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या कुरणांवर हेच गवत टिकावं म्हणून मुद्दाम आग लावतात. तिथे त्याची स्पर्धा त्याहून टाकाऊ गवताशी आहे आणि जाळायचं कधी, याचा हिशेब ठरलेला आहे. आपला माळ मुळात वेगळा. १९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशातल्या गवताळ प्रदेशांची विभागणी केली, तेव्हा दख्खनचा माळ 'सेहिमा-डायकँथियम' गटात घातला. सेहिमा म्हणजे पवन्याचं कूळ, डायकँथियम म्हणजे मारवेलचं. आज किती गायरानांवर ही दोन गवतं सलग दिसतात, तुम्हीच सांगा. पवन्या गेला की कुसळी येते. तीही गेली की पावसाळ्यापुरतं उगवून दिवाळीआधी वाळणारं बारीक गवत उरतं, ज्याची मुळं माती धरून ठेवायला पुरत नाहीत.

आता वळिवाकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. जूनचा पाऊस झिमझिमत आला असता तर एवढं लिहिलं नसतं. आपल्याकडे आधी येतो तो वळीव: दुपारभर उकाडा, संध्याकाळी वारा, आणि मग टपोऱ्या थेंबांची झोड. गवत उभं असो वा वाळून आडवं पडलेलं असो, तो मार ते अंगावर घेतं. जळालेल्या माळावर प्रत्येक थेंब थेट मातीवर आपटतो. कण उडतात, बारीक चिकणमाती आणि राख छिद्रांत जाऊन बसते, वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरायचं सोडून पळायला लागतं. त्या दिवशी खालच्या पाझर तलावावर जाऊन उभे राहा. ओढ्यातून येणारं पाणी काळपट असतं आणि काठाला राखेची, कोळशाच्या चुऱ्याची रेघ उमटते. वरच्या माळाचा सगळ्यात सुपीक थर तो. अशा थराचा पेरभर बनायला शेकडो वर्षं लागतात. मग आपण काय करतो, तर 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून पोकलेन लावून तोच गाळ तलावातून उपसतो आणि ट्रॉलीनं शेतात नेतो. योजना २०१७ साली सुरू झाली, चांगली आहे, मी नाव ठेवत नाही. पण माळावरची माती माळावर ठेवायला डिझेल लागत नाही, एवढं तरी लक्षात घ्या.

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. रंगाचे दोन सारखे रिकामे डबे घ्या, दोन्ही बाजूंनी उघडे करा. एक जळालेल्या तुकड्यावर आणि एक शेजारच्या न जळालेल्या तुकड्यावर, सारख्याच उतारावर, चार बोटं जमिनीत ठोका. दोन्हींत एक-एक लिटर पाणी ओता आणि घड्याळ लावा. वळीव पडून गेल्यावर केलं तर फरक जास्त स्पष्ट दिसेल. शाळेच्या पोरांना घेऊन करा, सदस्यांना घेऊन करा. प्रयोगशाळेच्या कागदापेक्षा हे सभेत लवकर पटतं.

असं असताना जळालेल्या माळाशी आपण नेमकं काय करतो? कोंब फुटले की जनावरं सोडतो. खुरांनी राख आणि भुसभुशीत माती आणखी सुटते. दुसरं, 'जमीन आता साफ झाली आहे' म्हणून जेसीबी लावून समतल चर काढतो आणि जूनमध्ये रोपं लावतो, बहुतेक वेळा गिरीपुष्प, कारण ते जगतं. चरांना माझा सरसकट विरोध नाही. पण वीतभर मातीच्या माळावर, ठोंब अर्धमेले असताना, उरलेली माती उलटीपालटी करून मुरूम वर काढायचा, हा उपचार कुठल्या आजारावर? यामागे एक जुना समज आहे की झाड नसलेली जमीन म्हणजे पडीक. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशांतही गवताळ माळ याच खात्यात टाकलेले असतात. दुसरीकडे कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनविभागानं गवताळ सफारी सुरू केली, लोक पैसे देऊन चिंकारा आणि लांडगा पाहायला येतात. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याला १९९७ मध्ये दर्जा मिळाला तो याच माळामुळे. तिकीट लावण्याइतकं मोलाचं जे कुरण, तेच कागदावर पडीक.

चराई थांबवा म्हटलं की मेंढपाळांवर संक्रांत येते, हे मला ठाऊक आहे. राळेगणसिद्धी, हिवरे बाजारच्या चराईबंदीचं कौतुक सगळे करतात. तिथे गवत कापून न्यायची सोय झाली, गाई-म्हशींच्या गोठ्याला ते जमतं. शंभर मेंढरांच्या खांडाला कापलेलं गवत कोण घालणार? आमच्या शिवारात दर साली वाडा टाकणाऱ्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाला मी हे विचारलं. ते म्हणाले, "आरं, जळल्याली जागा आमालाबी नकोच. राख नाकात जाती, मेंढरं खोकत्यात. पण न जळल्याली तुमी कुंपण घालून बंद करता, मग जायाचं कुठं?" याचं उत्तर ग्रामसभेकडेच आहे. जळालेला तुकडा बंद करायचा असेल तर न जळालेला त्याच ठरावात उघडा करा. आणि ज्यांच्या रानात पेरणीआधी मेंढरं बसवून घ्यायची आहेत, त्यांची यादी त्याच सभेत करा. लेंडीखत रानाला मिळेल, खांडाला महिनाभर ठावठिकाणा मिळेल आणि माळाला उसंत मिळेल. हा व्यवहार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, नव्यानं काही शोधायचं नाही.

तर १ मेच्या सभेकडून मला हवं आहे ते असं. या उन्हाळ्यात गायरानाचे कोणते गट जळाले, त्यांची नावनिशी लावा. ग्रामसेवक आणि तलाठी यांच्यासोबत एक फेरी मारली की काम होतं. फॉरेस्टच्या हद्दीतल्या आगीचा इशारा उपग्रहावरून येतो. भारतीय वन सर्वेक्षण तो पाठवतं, पण वनक्षेत्राच्या हद्दीत गाळून. गायरान महसूलच्या खात्यात, जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली गुरचरणीसाठी राखलेलं. तिथल्या आगीचा इशारा कोणाच्या मोबाईलवर येणार? शिवाय उपग्रह ठरलेल्या वेळीच डोक्यावरून जातो, आणि गवताची आग दोन फेऱ्यांच्या मध्ये लागून विझूनही जाते. त्यामुळे आपली नोंद आपणच ठेवायला हवी. तोच गट सलग तिसऱ्या वर्षी जळाला, हे वहीत दिसलं तरच कोणी तरी का म्हणून विचारेल.

नोंद झाली की ते गट पाऊस स्थिरावून गवत घोट्याच्या वर येईपर्यंत चराईला बंद. त्या काळात नांगर नाही, चर नाही, रोपं नाहीत. रोजगार हमीच्या आराखड्यात ते गट आधीच घातले असतील तर काम एक वर्ष पुढे ढकला. उतार जास्त आहे तिथे ओढ्याच्या तोंडाशी बोरी-बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाका, नुसते दगड मांडले तरी चालेल. राख आणि माती तिथे अडकते. पवन्या-मारवेलचं बी हवं असेल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठात किंवा झाशीच्या चारा संशोधन संस्थेत चौकशी करा. त्याहून सोपं म्हणजे देवराईच्या कडेला, रेल्वेलगत, जिथे जनावर जात नाही अशा जागी उभं असलेलं गवत पिकलं की त्याचं बी झाडून आणा. ते आपल्याच मातीतलं असतं.

आणि दिवाळीनंतर जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे. त्या जाळून काढायचा प्रघात आहे, त्यातूनच आग सुटल्याचंही आपण पाहिलं आहे. त्याऐवजी रस्त्याकडेचे आणि बांधालगतचे पट्टे गवत हिरवट असतानाच, कार्तिकात, कापायला द्या. ज्याला चारा हवा तो कापेल, पंचायतीला थोडी पट्टी मिळेल आणि फेब्रुवारीत आग आली तर पट्ट्याशी येऊन थांबेल. वनविभागाच्या हद्दीला लागून गायरान असेल तिथे वनरक्षकाला आधी कळवून पट्टा सलग करा. आग हद्दीचा दगड ओळखत नाही.

ठरावाचा कच्चा मसुदा मी तयार ठेवला आहे, पानभराचा आहे. तुमच्या गटांचे नंबर घालायचे आणि वाचायचा. ज्या ग्रामपंचायतीला हवा आहे तिथे सभेच्या आदल्या दिवशी मी स्वतः आणून देईन, डबे आणि हातोडीही सोबत आणीन. ठराव झाला तर त्याची प्रत तहसीलदार आणि वनपरिक्षेत्र अधिकारी या दोघांना जाऊ द्या, एकालाच पाठवली तर ती दुसऱ्याची जबाबदारी म्हणून परत येते.

कळावे,
आपला,
पुरंदर तालुक्यातला एक खातेदार